केबल लॅटरल रेज : खांदा रुंद करा, पण खांदा गमावू नका

 

मागच्या भागानंतर बरेच निरोप आले. इंदूरहून, हैदराबादहून, बंगळुरूहून. निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न एकच होता : "सर, खांदे रुंद दिसायला काय करू?" आणि उरलेल्यांचा प्रश्न होता : "सर, खांदा दुखतोय, काय करू?" गंमत म्हणजे या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी बऱ्याचदा एकच व्यायाम असतो. केबल लॅटरल रेज. केबल मशीनच्या बाजूला उभं राहायचं, हँडल धरायचं आणि हात बाजूला, खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचा. बघायला इतका सोपा, की कुणी नीट शिकवत नाही आणि कुणी नीट शिकत नाही.

आज फक्त हा एकच व्यायाम घेऊ. पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं सगळं कोरडं वाटेल.

मी मूळचा मिरजेकडचा. वीसेक वर्षं झाली, बडोद्यात ट्रेनर म्हणून काम करतोय. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक बेन यायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, शाळेत शिक्षिका. व्यायामाची मनापासून आवड. त्यांना एकच हवं होतं : नवरात्रात नऊच्या नऊ रात्री गरबा खेळता यावा. बडोद्याचा गरबा ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, ते काही दहा मिनिटांचं काम नाही. तासन्‌तास अनवाणी, गोल फिरत, आणि हात सतत वर-खाली.

मी त्यांना केबल लॅटरल रेज दिला. आणि तेव्हा सगळे सांगायचे तेच मीही सांगितलं : "वर गेल्यावर जगमधून पाणी ओततो तसा पंजा वळवा. अंगठा खाली, करंगळी वर." कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, माझ्या ट्रेनरनं मला तसंच शिकवलं होतं. मी कधी विचारलंच नाही, का म्हणून. ३ सेट, प्रत्येकी १५ वेळा, आठवड्यातून ३ दिवस. आणि दर आठवड्याला एक पाटी वाढवत गेलो, कारण त्या करत होत्या, तक्रार करत नव्हत्या.

दोन महिन्यांनी, घटस्थापनेच्या आठवडाभर आधी, त्या जिममध्ये आल्या आणि दारातच म्हणाल्या, "भाई, हाथ उपर ज नथी जतो." हात वर जातच नाही. त्या वर्षी त्यांनी नऊ रात्री मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसून काढल्या.

त्यांच्यासोबत मी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तिनं बेनचा हात खांद्याइतका पुढे उचलला, कोपर वाकवलं आणि पंजा हळूच खाली फिरवला. बेन कळवळल्या. फिजिओ माझ्याकडे बघून म्हणाली, "ही खांद्याची तपासणी आहे. दुखरा खांदा असेल तर असं केल्यावर दुखतं. तुम्ही जवळपास हेच यांच्याकडून एका दिवसात ४५ वेळा करून घेत होतात, आणि तेही वजन लावून."

मी गप्प. काय बोलणार? ट्रेनर व्हायला डॉक्टरांसारखा परवाना लागत नाही आपल्याकडे. टी-शर्टवर 'कोच' लिहिलं की माणसं विश्वास टाकतात. त्या विश्वासाची किंमत मला त्या दिवशी कळली. त्यानंतर मी खांदा पहिल्यापासून शिकलो. जे शिकलो ते आज तुम्हाला देतोय.

आधी बसल्या जागी एक प्रयोग

व्हिडिओ बघत असाल तर उभे राहा. वाचत असाल तरी उभे राहा. वजन नको, काही नको. फक्त एक अट : आत्ता खांदा दुखत असेल तर हा प्रयोग करू नका.

उजवा हात सरळ खाली सोडा. आता हात आतल्या बाजूला पूर्ण फिरवा, अंगठा मागे आणि तळवा बाहेरच्या बाजूला. तसाच ठेवून हात बाजूनं वर न्या. खांद्याच्या आसपास किंवा थोडं वर गेलं की अडतं, बरोबर? जबरदस्ती करू नका. खाली या.

आता अंगठा पुढे ठेवा. हात बाजूनं वर नेताना अंगठा आकाशाकडे वळू द्या. गेला ना कानापर्यंत, विनासायास?

फरक का पडला? दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरच्या अंगाला एक उंचवटा असतो. आणि त्याच्या वर फऱ्याच्या हाडाचा एक भाग छपरासारखा पुढे आलेला असतो, त्याला ॲक्रोमियन म्हणतात. उंचवटा आणि छप्पर यांच्या मधल्या फटीतून सुप्रास्पायनेटस नावाच्या छोट्या स्नायूची कंडरा जाते. हात आत वळलेला असताना वर नेला की उंचवटा छपराखाली येतो, फट अरुंद होते. अंगठा वर वळवला की उंचवटा मागे सरकतो, वाट मोकळी होते.

चार्ल्स नीर या अमेरिकी शल्यविशारदांनी १९७२ साली या जागी होणाऱ्या चिमट्यावर लिहिलं आणि खांदेदुखीकडे बघायची एक दिशा मिळाली. आजचे तज्ज्ञ म्हणतात, सगळा दोष हाड घासण्याचा नाही. कंडरेवर तिच्या तयारीपेक्षा जास्त भार एकदम पडणं हेही मोठं कारण आहे. म्हणजे माझ्या दोन्ही चुका बघा : पंजा चुकीचा वळवला, आणि दर आठवड्याला पाटी वाढवली. अंगठा खाली करून व्यायाम करणाऱ्या प्रत्येकाचा खांदा दुखतोच असं नाही. पण ज्यात धोका आहे, ते करायचं कशाला?

बशीवरची मोसंबी

खांद्याचा सांधा कसा आहे? बशीवर मोसंबी ठेवा. बशी म्हणजे फऱ्याची उथळ खाच, मोसंबी म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा. कंबरेचा सांधा खोल वाटीसारखा असतो, तो सहसा निसटत नाही. खांदा मात्र उथळ आहे, म्हणून तर आपण हात सगळ्या दिशांना फिरवू शकतो. पण मोसंबी बशीच्या मध्यावर धरून कोण ठेवतं? चार छोटे स्नायू. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. सुप्रास्पायनेटस त्यांतलाच एक.

वरून जो गोलाकार मोठा स्नायू दिसतो, तो डेल्टॉइड. त्याचे तीन भाग : पुढचा, बाजूचा, मागचा. पुढच्याला दंड-बैठकांतल्या दंडात, बेंच प्रेसमध्ये भरपूर काम मिळतं. मागच्याला ओढण्याच्या व्यायामात मिळतं. बाजूचा भाग बऱ्याचदा उपाशी राहतो. खांद्याची रुंदी त्याच्यावर अवलंबून, आणि हात बाजूला उचलण्याचं कामही मुख्यतः त्याचंच. लॅटरल रेज आपण त्याच्यासाठी करतो.

आता लक्ष द्या. हात खाली असताना डेल्टॉइड आकसला की तो मोसंबीला वर, छपराकडे ओढतो. त्याच वेळी कफचे स्नायू तिला आत आणि खाली दाबून मध्यावर ठेवतात. मोठा भाऊ ओढतो, धाकटे सांभाळतात. वजन इतकं वाढवलं की धाकटे थकले, तर मोठा भाऊ मोसंबी छपरावर आपटणार. म्हणून या व्यायामात वजनाचा माज चालत नाही.

थोडं गणित करू. हात लांब केला की हँडल खांद्यापासून साधारण ६० सेंटिमीटरवर असतं. डेल्टॉइड मात्र सांध्याच्या केंद्रापासून साधारण ३ सेंटिमीटरवरून ओढतो. म्हणजे २० पट तोटा. खांद्याच्या उंचीवर ५ किलोचं डंबेल धरलंत तर स्नायूला जवळजवळ १०० किलोचा जोर लावावा लागतो. हाताचं स्वतःचं वजन वेगळं. त्यामुळे "फक्त ५ किलो?" असं कुणी हसलं तर हसू द्या.

तिसरी गोष्ट फऱ्याची. हात पूर्ण वर जातो तेव्हा साधारण १८० अंश फिरतो. त्यातले १२० अंश सांध्यात होतात आणि ६० अंश फरा फिरल्यामुळे मिळतात. हे दोनास एक प्रमाण १९४४ मध्ये इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. घरात कुणाला तरी सांगा, तुमच्या फऱ्याच्या खालच्या टोकावर बोट ठेवायला. हात वर न्या. टोक बाहेरच्या बाजूला सरकताना त्यांना जाणवेल. मग जिममध्ये काही जण ओरडतात ना, "खांदे मागे, खाली, घट्ट दाबून ठेवा!" त्यानं फरा जखडतो. खांदे कानाशी नेऊ नका हे बरोबर आहे. पण फऱ्याला फिरायची मोकळीक द्या.

आमच्या तालमीत वस्ताद मुद्गल फिरवायला लावायचे. आधी हलकी जोडी, मग जड. त्यात फरा आपोआप सुटा व्हायचा, कफचे स्नायू तयार व्हायचे. बडोद्याला तर व्यायामशाळांची मोठी परंपरा आहे. मराठीतला 'व्यायाम ज्ञानकोश' मजुमदारांनी याच शहरातून खंडाखंडानं काढला. पण आज जिममध्ये आलेला मुलगा सकाळपासून लॅपटॉपवर वाकलेला असतो, आणि येताक्षणी केबलला लटकतो. म्हणून आधी ५ मिनिटं : हात गोल फिरवणं, भिंतीला टेकून हात वर सरकवणं, आणि सगळ्यांत हलक्या पाटीवर एक सेट.

डंबेल असताना केबल कशाला?

डंबेल नेहमी सरळ खाली ओढतं. हात बाजूला लटकत असताना त्याचा खांद्यावर जवळजवळ काहीच भार नसतो. हात ३० अंश वर गेला की पूर्ण भाराच्या निम्मा, आणि हात आडवा झाला की पूर्ण. म्हणजे सुरुवातीला काम नाही, शेवटी सगळं एकदम. म्हणूनच लोक खालून झटका देतात.

केबलची ओढ पुलीच्या दिशेनं असते. पुली मनगटाच्या उंचीवर लावली तर हात खाली असतानाच केबल हाताशी काटकोनात येते. पहिल्या इंचापासून स्नायूला काम, आणि वर जाताना भार थोडा कमी होत जातो. म्हणजे जिथं सांधा नाजूक जागी असतो तिथं ओढ कमी. पुली अगदी जमिनीलगत असेल तर सगळ्यांत जास्त भार मधल्या टप्प्यात येतो. दोन्ही चालतं. पुलीची उंची बदलता येत असेल तर सुरुवात मनगटाच्या उंचीपासून करा. नसेल तर खालची पुली आहेच.

जिमला न जाणाऱ्यांसाठी : रबरी बँडही वापरता येतो, पण बँड ताणला तसा कडक होत जातो. म्हणजे वर गेल्यावर सगळ्यांत जड. त्यामुळे बँड हलकाच घ्या.

मशीन नीट ओळखा

पाटीवर १० लिहिलंय म्हणजे हातात १० किलो आले असं समजू नका. कितीतरी मशीनमध्ये, खास करून दोन खांबांच्या आणि पुली वर-खाली सरकणाऱ्या मशीनमध्ये, केबल दुहेरी फिरवलेली असते. तिथे १० ची पाटी हातात साधारण ५ किलो लागते. दुसऱ्या जिममध्ये एकेरी केबल असते, तिथे १० म्हणजे १०. बदली झाली, शहर बदललं, जिम बदललं आणि जुन्या आकड्यावर पिन लावली की खांदा गेलाच.

ओळखायचं कसं? हँडल १ मीटर ओढा. पाट्या अर्धा मीटरच उचलल्या गेल्या तर केबल दुहेरी आहे. १ मीटर उचलल्या गेल्या तर एकेरी. झालं. याला मिनिटभरही लागत नाही.

शिवाय केबलचं प्लास्टिकचं आवरण फाटून आतल्या तारा दिसत असतील तर त्या मशीनला हात लावू नका. हँडल अडकवायची कडी नीट बंद आहे का बघा. पिन पूर्ण आत गेली आहे का बघा. आणि पुली अडकत-अडकत फिरत असेल तर जिमवाल्याला वंगण घालायला सांगा. अडकलेली केबल अचानक सुटते आणि तो झटका थेट कंडरेवर येतो.

आता प्रत्यक्ष व्यायाम

उजव्या हाताचा व्यायाम आहे असं धरून चालू.

मशीन तुमच्या डाव्या हाताला येईल असे उभे राहा. अंतर फूट-दीड फूट. पाय कंबरेइतके फाकलेले, गुडघे किंचित सैल. डाव्या हातानं मशीनचा खांब धरा. हा आधार लाजेनं सोडू नका, त्यामुळे धड डोलत नाही.

उजव्या हातानं हँडल घ्या. केबल मांड्यांच्या पुढून जाऊ द्या. काही जण पाठीमागून घेतात, तेही चालतं. पण मागून घेतल्यावर सुरुवातीला हात मागे आणि आत खेचला जातो. ज्यांचा खांदा पुढच्या बाजूनं दुखरा आहे त्यांनी ते टाळावं.

मूठ घट्ट आवळू नका. हँडल बोटांत अडकलेलं असू द्या. मूठ आवळली की कोपराखालचा हातच आधी थकतो. मनगटाचा पट्टा मिळाला तर उत्तम. कोपर किंचित वाकवा आणि तो वाक शेवटपर्यंत तसाच ठेवा. वाक मध्येच वाढला की वजन हलकं लागतं, आणि आपण स्वतःलाच फसवतो.

आता हात उचलायचा तो अगदी काटकोनात बाजूला नको. थोडा पुढे, साधारण ३० अंश. फरा पाठीवर सपाट नसतो, तो थोडा पुढे तोंड करून असतो. हात त्याच्याच रेषेत गेला की सांध्याला सोयीचं पडतं. घड्याळाच्या मध्यावर उभे आहात असं समजा आणि समोर १२ आहेत. उजवा हात ३ वर नको, २ वर न्या.

उचलताना "वर" असा विचार करू नका. "लांब" असा विचार करा. समोरच्या कोपऱ्यातली भिंत हातानं दूर ढकलायची आहे. वर म्हटलं की माणूस खांदा कानाकडे नेतो आणि मानेचा ट्रॅपेझियस सगळं काम करून टाकतो. लांब म्हटलं की डेल्टॉइड जागा होतो.

पंजा? सुरुवातीला तळवा मांडीकडे. वर जाताना अंगठा पुढे, किंचित आकाशाकडे. पाण्याचा जग विसरा. ट्रेमध्ये चहा नेतोय, तो सांडायचा नाही, असं मनात ठेवा.

वर जायला २ सेकंद, श्वास सोडत. कोपर खांद्याच्या उंचीला आलं की थांबा, क्षणभर. मनगट कोपराच्या वर गेलेलं नसावं. मग खाली यायला ३ सेकंद, श्वास घेत. खाली पाट्या एकमेकांवर टेकण्याच्या आधीच पुन्हा वर. पाट्या आपटल्याचा आवाज आला तर समजा, उतरताना तुम्ही वजन सोडून दिलंत. आणि निम्मा व्यायाम तर उतरण्यातच आहे.

किती करायचं? १२ ते १५ वेळा, असे २ किंवा ३ सेट, आठवड्यातून २ दिवस. सेट संपेल तेव्हा आणखी दोनदा नीट करता आलं असतं असं वाटलं पाहिजे. दोन्ही हातांत जो कमजोर, त्याच्यापासून सुरुवात. त्यानं १२ केले तर दुसऱ्यानंही १२ च करायचे.

वजन कधी वाढवायचं? तिन्ही सेट १५ वेळा, न डोलता, न झटकता, असे सलग दोन आठवडे जमले की. इथे एक अडचण आहे. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनमध्ये पाट्या ५-५ किलोच्या असतात. ५ वरून १० म्हणजे थेट दुप्पट! बैठकीत हे चालेल, खांद्याला नाही चालणार. वरून ठेवायची छोटी सव्वा किंवा अडीच किलोची पाटी असेल तर ती वापरा. नसेल तर वजन तेच ठेवा आणि २० वेळांपर्यंत जा. खाली यायला ३ ऐवजी ५ सेकंद घ्या. वजन न वाढवताही व्यायाम वाढतो.

मी रोज बघतो त्या चुका

पहिली, धडाचा झोका. कंबर डोलवून वजन वर फेकायचं. आरशात स्वतःच्या खांद्याकडे नको, नाभीकडे बघा. नाभी हलली की वजन जास्त आहे.

दुसरी, खांदा कानाशी. सेट संपल्यावर मान भरून येत असेल तर व्यायाम मानेचा झाला, खांद्याचा नाही.

तिसरी, हात डोक्यापर्यंत नेणं. खांद्याच्या वरचं काम वेगळ्या व्यायामाचं आहे. इथे खांद्याच्या रेषेला थांबा.

चौथी, क्रम. सुरुवातीलाच लॅटरल रेजनं खांदा थकवायचा आणि मग डोक्यावर बारबेल उचलायचा. आधी मोठा व्यायाम, शेवटी हा.

पाचवी, दुखणं आणि थकणं यांत गल्लत. दंडाच्या बाहेरच्या बाजूला जळजळ होते, सेट संपला की अर्ध्या मिनिटात विरते. ते थकणं. खांद्याच्या टोकाशी टोचतं, चमक येते, हात ठरावीक उंचीवरच दुखतो. ते दुखणं. थकण्याला भिऊ नका, दुखण्याशी भांडू नका.

तुमचे प्रश्न

"खांद्यात कटकट आवाज येतो, थांबवू का?" आवाजासोबत दुखत नसेल, अडकत नसेल तर काळजी नको. दुखत असेल तर दाखवून घ्या.

"वय ६२ आहे, करू का?" जरूर करा. कपडे वाळत घालणं, फडताळावरचा डबा काढणं, बसमध्ये वरची दांडी धरणं, सगळीकडे हीच ताकद लागते. फक्त सुरुवात पाण्याच्या अर्धा लिटरच्या बाटलीनं करा.

"दुखत असताना हलक्या वजनानं चालू ठेवू का?" आधी कारण कळू द्या. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात अचानक उचलता येईनासा झाला असेल, बोटांत मुंग्या येत असतील तर डॉक्टरांकडे जा. हात दुसऱ्यानं उचलला तरी वर जात नसेल तर तो आखडलेला खांदा असू शकतो. मधुमेह असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. त्यावर केबलची जबरदस्ती हा उपाय नाही. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका : डावा खांदा किंवा हात दुखतोय, सोबत छातीत दडपण, घाम, धाप आहे, तर ते जिमचं दुखणं समजून मलम चोळत बसू नका. तडक दवाखाना.

बेनचं पुढे काय झालं?

हे विचारणारच तुम्ही. फिजिओनं पाच महिने मेहनत घेतली. पहिले काही आठवडे हात फक्त टेबलावर सरकवणं, मग भिंतीवर, मग पिवळा बँड. मी दर शनिवारी जाऊन बसायचो. शिकायला जातो असं सांगायचो. पण खरं म्हणजे मला माफी मागायची होती आणि धीर होत नव्हता. एका शनिवारी मागितली. त्या म्हणाल्या, "भाई, मलाही दुखत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही."

मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. त्या शिक्षिका होत्या, वयानं मोठ्या होत्या, आणि तरीही ट्रेनरसमोर "दुखतंय" म्हणायचा त्यांना संकोच वाटला. आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक सेटनंतर विचारतो, "कुठे जाणवलं? बोट ठेवून दाखवा." बोट दंडाच्या बाजूला गेलं तर पुढचा सेट. बोट खांद्याच्या टोकावर किंवा मानेवर गेलं तर पिन काढायची.

पुढच्या वर्षी बेन मैदानात उतरल्या. पहिल्या चार रात्री टाळ्या छातीपाशीच ठेवल्या, पाचव्या रात्रीपासून हात वर. नऊही रात्री खेळल्या. त्यानंतर पुन्हा माझ्याकडे केबलवर आल्या, सगळ्यांत हलक्या पाटीवर, अंगठा वर ठेवून.

तुमच्या ट्रेनरनं विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. दुखतंय हे सांगणं म्हणजे तक्रार नाही. आणि ट्रेनर असाल तर आजपासून विचारायला लागा.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या जिमची केबल एकेरी आहे की दुहेरी ते बघून मला कळवा. आणि एक सेट मोबाईलवर समोरून चित्रित करून स्वतःच बघा, नाभी हलते का, खांदा कानाकडे जातो का. पुढच्या भागात खांद्याच्या मागच्या बाजूसाठी दोरीचा व्यायाम, फेस पुल, घेऊ. तोवर खांदा सांभाळा. नमस्कार.